टॅरो (२०२४) : पत्ते भारी, भुतं किरकोळ

सत्तर_एमएम

आधीच सांगतो, पुढे रहस्यभेद आहे आणि उदारहस्ते केलेला आहे. कोण मरतं, कशानं मरतं, शेवटी कोण उरतं, सगळं. सिनेमा कोरा पाहायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

'टॅरो' २०२४ च्या मे महिन्यात आला. लेखन-दिग्दर्शन स्पेन्सर कोहेन आणि ॲना हॅलबर्ग यांचं; दिग्दर्शक म्हणून दोघांचाही हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९२ सालच्या एका किशोर-भयकादंबरीवर बेतलेला. खर्च ८० लाख डॉलरच्या घरात आणि जगभरातला गल्ला ४.९ कोटींच्या आसपास. त्यामुळे समीक्षकांनी सालटी काढली तरी निर्मात्यांकडे पेढे वाटले गेले असणार.

गोष्ट अशी. कॉलेजातली सात जणांची टोळी एलिसच्या वाढदिवसासाठी कॅट्सकिल्सच्या डोंगरात एक जुना वाडा भाड्याने घेते. तळघराला कुलूप आहे, म्हणजे ते उघडलं जाणारच. आत ज्योतिषाचं सामान आणि एका लाकडी पेटीत हाताने रंगवलेले टॅरोचे पत्ते. टोळीतली हेली हे शास्त्र जाणते. दुसऱ्याच्या पत्त्यांना हात लावायचा नसतो, हेही तीच सांगते आणि तरी सगळ्यांच्या आग्रहाखातर बसते. एकेकाची रास विचारून पत्ते मांडते, भविष्य सांगते. शहरात परतल्यावर ज्याच्या वाट्याला जे पान आलं तेच पान हाडामांसाचं होऊन त्याच्या मागे लागतं. एलिसला हाय प्रीस्टेस, लूकसला हर्मिट, मॅडलिनला हँग्ड मॅन, पेजला मॅजिशियन, पॅक्स्टनला फूल (इंग्रजीतला, म्हणजे मूर्ख), ग्रँटला डेव्हिल आणि हेलीला स्वतःला डेथ.

आता माझं म्हणणं. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत या सिनेमाच्या हाताला सोनं लागलं होतं. ते भविष्य सांगण्याचं दृश्य पुन्हा पाहा. सगळे हसताहेत, एकमेकांना कोपरखळ्या मारताहेत, हेली बोलतेय ती वाक्यंही अगदी रविवारच्या पुरवणीतल्या राशिभविष्यासारखी: जपून राहा, घाई नको, वर चढण्याची संधी आहे. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. नंतर तीच वाक्यं शब्दशः खरी होतात. एलिसचा जीव माळ्याच्या शिडीने जातो. सल्ला म्हणून ऐकलेल्या वाक्यात आपलं मरण दडलेलं होतं, हे कळण्याचा जो क्षण आहे ना, भीती तिथे आहे. आणि नेमका तोच क्षण सिनेमा दर वेळी दहा सेकंदांत उरकतो आणि काळोखातून कुणीतरी विद्रूप तोंडाचं बाहेर काढतो. मोठ्ठा आवाज, किंकाळी, पुढचा गडी.

पत्ता घाबरवतो तो वाचला जातो तेव्हा. चालायला लागला की तो भूत होतो, आणि भुतं आपण पैशाला पासरी पाहिलेली आहेत.

असहमत असाल तर या.

---

रात्रपाळी

असहमत. मी हा सिनेमा कामावरून आल्यावर दिवे घालवून पाहिला आणि हर्मिटच्या प्रसंगाला माझी टरकली होती, खोटं कशाला बोलू. भुयारी रेल्वेचं रिकामं फलाट, लांबवर तो कंदील आणि त्यामागे कुणीतरी. बस. त्यात काय वाचायचं आणि काय अर्थ लावायचा? दीड तासाचा सिनेमा आहे, दीड तास करमणूक झाली. तुम्ही लोक भेळ खातानाही त्यातल्या चिंचेचं गोत्र विचारता.

---

खिडकीतली_मांजर

रुमाल टाकून ठेवते. सिनेमा पाहून येते.

---

बिनकामाचा_बंड्या

अमेरिकन सिनेमातल्या पोरांना एक साधी गोष्ट कुणी शिकवत का नाही? कुलूप आहे ना दाराला? मग ते लावणाऱ्याला काही कारण असेल ना? आमच्या आजोळी माळ्यावरच्या ट्रंकेला हात लावला तर भूत यायची गरजच नव्हती, आजी पुरेशी होती.

---

सत्तर_एमएम

@रात्रपाळी, हर्मिटचं दृश्य चांगलंच आहे, मान्य. या राक्षसांची मूळ संकल्पचित्रं ट्रेव्हर हेंडरसनची आहेत. इंटरनेटवर तो 'सायरन हेड' नावाचा भोंग्याच्या डोक्याचा उंच प्राणी फिरत असतो, त्याचा जनक. त्याच्या चित्रांची खुबी अशी की साध्या फोटोत, लांब, कोपऱ्यात काहीतरी उभं असतं आणि ते दिसायला तुम्हाला दोन क्षण लागतात. सिनेमाने त्याची चित्रं घेतली आणि खुबी सोडून दिली. फलाटावर ती थोडी उरलीय, म्हणून तिथे भीती वाटते. बाकी ठिकाणी सरळ कॅमेऱ्यावर उडी.

---

पेंटॅकल

मी गेली बरीच वर्षं टॅरो वाचते, हौस म्हणून, पैसे घेऊन नाही (हे आधीच सांगितलेलं बरं, कारण इथे कोण कोण येणार ते माहीत आहे 😀). त्यामुळे सिनेमा पाहताना निम्मा वेळ कपाळाला हात.

एक, डेथचं पान. सिनेमात हेलीला ते येतं आणि आता ही मरणार असं सगळं वातावरण. १९०९ च्या रायडर-वेट संचातलं ते पान नीट बघा, आज जगात सगळ्यात जास्त चालणारे पत्ते तेच. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, हातात काळं निशाण, निशाणावर पांढरं गुलाब. घोड्यापुढे राजा आडवा झालाय, धर्मगुरू हात जोडून उभा, एक तरुणी तोंड फिरवून गुडघ्यावर, आणि एक लहान मूल मात्र त्याच्याकडे सरळ बघतंय. मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य. वाचणारे या पानाचा अर्थ शेवट होऊन नवं सुरू होणं असाच घेतात. नोकरी सुटणं, नातं संपणं, गाव सोडणं. समोरचा घाबरू नये म्हणून मी तर हे पान आलं की आधी तो सूर्य दाखवते.

दोन, हँग्ड मॅन. तो फासावर लटकलेला नाही! एका पायाने उलटा टांगलेला आहे, दुसरा पाय आरामात दुमडलेला, चेहरा शांत आणि डोक्याभोवती प्रभामंडल. म्हणजे थांबा, वेगळ्या बाजूने बघा. त्याचा खुनी राक्षस करणं म्हणजे ध्रुवबाळाला खलनायक करण्यासारखं आहे.

तीन, आपल्याकडे सगळ्यांना खटकेल असं. रास विचारतात ती सूर्यरास. आपण रास म्हणतो ती चंद्राची. त्यामुळे 'तुमची रास कोणती' या प्रश्नावरच आपली अर्धी जनता वाचेल, कारण शाप चुकीच्या पत्त्यावर जाईल.

ही चित्रं जिने काढली ती पामेला कोलमन स्मिथ. संच ओळखला जातो तो प्रकाशक रायडर आणि कल्पना सांगणारे वेट यांच्या नावाने. बाईंनी अठ्ठ्याहत्तर चित्रं काढली आणि संचाच्या नावात त्या कुठेच नाहीत. आता कुठे लोक 'वेट-स्मिथ' म्हणायला लागलेत.

---

तळटीप

@पेंटॅकल, डेथबद्दल सहमत, पण हँग्ड मॅनच्या बाबतीत सिनेमा (बहुधा न कळत) जास्त जुन्या सत्याच्या जवळ आहे.

पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते जन्माला आले तेव्हा त्यात गूढबिढ काही नव्हतं. मिलान, फेरारा, बोलोन्या इथल्या दरबारांत खेळायचा तो डाव होता. नेहमीचे चार रंग, आणि त्यांच्यावर मात करणारी चित्रांची वेगळी पानं. आपल्या भाषेत हुकूम, फक्त हा हुकूम कायमचा. आणि त्या काळच्या इटालियन माणसाला उलटा टांगलेला माणूस दिसला की ध्यानधारणा आठवत नसे, गद्दार आठवे. फितुरी केलेल्या माणसाचं एका पायाने उलटं टांगलेलं चित्र चक्क सरकारी इमारतीच्या भिंतीवर रंगवून घ्यायची शहरांची पद्धत होती. १४४० मध्ये फ्लॉरेन्सला आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने असे फितूर इतके रंगवले की लोक त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' म्हणू लागले. १४७८ मध्ये मेदिची घराण्याविरुद्धचा कट फसल्यावर हेच काम बोत्तिचेल्लीने केलं. हो, तोच, 'व्हीनसचा जन्म' रंगवणारा. जुन्या काही याद्यांत तर या पानाचं नावच 'गद्दार' आहे.

म्हणजे प्रभामंडल नंतरचं, बदनामी आधीची.

मग भविष्य कुठून आलं? पॅरिसमधून, आणि फार उशिरा. १७८१ मध्ये कूर द जेबलाँ नावाच्या प्रोटेस्टंट विद्वानाने आपल्या लांबलचक ग्रंथमालेच्या आठव्या खंडात ठोकून दिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी दडवून ठेवलेलं ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी तोवर कुणालाही वाचता येत नव्हती. शाँपोल्यॉंला ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे ज्यांची लिपी वाचता येत नाही त्यांचं तत्त्वज्ञान यांना पत्त्यांत सापडलं होतं. पाठोपाठ एतेला या टोपणनावाच्या गृहस्थाने खास भविष्यासाठी वेगळा संच छापून विकायलाही काढला. आडनाव आलिएत, ते उलटं लिहून एतेला! आपल्याकडचे अंकशास्त्रवाले निदान नावात एखादं अक्षरच वाढवतात.

आता सिनेमातली शापाची कथा बघा. १७९८, हंगेरी. एका सरदाराच्या गर्भवती बायकोचं भविष्य एक ज्योतिषीण सांगते, ते अशुभ निघतं, खरंही ठरतं, सरदाराची माणसं तिच्या मुलीला मारतात आणि ती पत्त्यांना शाप देऊन मरते. तारीख बघून मी चमकलो, कारण १७९८ जमतं. १६९८ लिहिलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. फक्त तेव्हाच्या हंगेरीत हे पत्ते कुणाच्या हातात दिसले असते तर बहुधा खेळायलाच. तिथे तारोक नावाचा डाव आजही ४२ पानांनी खेळतात आणि बुडापेस्टच्या आजोबांना त्यात कुणी मरेल अशी भीती वाटत नाही, डाव हरण्याची वाटते.

---

बिनकामाचा_बंड्या

वाचनखूण साठवली. एकूण काय, तीन-पत्तीला कुणी वेदांत आहे म्हटलं असतं तर आज आपणही शापित असतो.

---

शंकासुर

चला, कुणीतरी बोलायलाच हवं. सिनेमा सिनेमाच्या जागी ठीक. पण अशा सिनेमांनंतर हौशी मंडळी पत्ते विकत घेतात आणि वर्षभराने 'ऊर्जा' वगैरे बोलायला लागतात, तेव्हा थोडं थंड पाणी.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'हे तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक कागद दिला. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हटलं. सरासरी आली ४.२६. कागदावर सगळ्यांना एकच मजकूर होता, आणि तो त्याने पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता.

धागाकर्ते म्हणतात ती वाक्यं (जपून राहा, घाई नको, वर चढण्याची संधी) याच जातीची आहेत. ती कुणालाही लागू पडतात. हेलीने एलिसचं भविष्य लूकसला सांगितलं असतं तरी त्यानेही मान डोलावली असती. त्या पोरांना बहुतेक अर्ध्या तासाने कुणाला काय सांगितलं होतं ते आठवतही नसेल.

---

पेंटॅकल

@शंकासुर, आलात! चहा ठेवते 😀

तुम्ही सांगितलेला प्रयोग मला माहीत आहे. पण माझ्यासमोर बसणारी माणसं भविष्य ऐकायला कमी आणि बोलायला जास्त येतात. पान उलटलं की समोरचा स्वतःच सांगायला लागतो, 'हो, माझं आणि भावाचं असंच चाललंय.' मी काही सांगायच्या आत. पत्ते फक्त निमित्त. तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा.

---

सत्तर_एमएम

@पेंटॅकल, @शंकासुर, तुम्ही दोघं भांडताय असं तुम्हाला वाटतंय, पण दोघंही माझीच बाजू मांडताय. वाक्य मोघम असतं, त्यात जीव समोरचा ओततो. मग एखाद्या भयपटाने एवढंच दाखवलं असतं तर? सात जण, सात मोघम वाक्यं, आणि प्रत्येक जण आपलं वाक्य टाळायच्या नादात नेमका त्यातच जाऊन पडतो. शिडीला घाबरणारा शिडीनेच मरतो, कारण तो नको तिथे शिडीच बघत होता. राक्षसाचा खर्च वाचला असता.

---

मधली_सुट्टी

लेकीच्या हट्टापायी पाहिला. तिच्यासाठी मुख्य आकर्षण अवंतिका, पेजचं काम करणारी. तेलुगू घरातली, कॅलिफोर्नियात वाढलेली मुलगी. त्याच वर्षीच्या 'मीन गर्ल्स'मध्येही होती. तिला मॅजिशियनच्या पेटीत घालून करवतीने कापतात तो प्रसंग म्हणजे मला वाटलं आता काही बघवणार नाही. पण रक्त जवळजवळ नाहीच. अमेरिकेत पीजी-१३ (किशोरवयीन पोरांनाही चालेल असं प्रमाणपत्र) ठेवायचं म्हणून सगळं काम आवाजावर भागवलंय. लेक म्हणाली, 'आई, इतकंच?' आजकालच्या पोरांचं काय करायचं!

स्पायडरमॅनचा मित्र झालेला जेकब बॅटलॉन (इथे पॅक्स्टन) मात्र मजा आणतो. त्याला मारतील म्हणून वाईट वाटत होतं, आणि तो जिवंत निघाला तेव्हा लेकीने टाळ्याच वाजवल्या.

---

रात्रपाळी

तेच तर! मला सिनेमा आवडला असला तरी हे पटलं नाही. शापातून कुणीच सुटत नाही म्हणून घसा कोरडा करेपर्यंत सांगायचं, आणि लिफ्टमध्ये फूलच्या तावडीत सापडलेला पॅक्स्टन शेवटी हसत हजर. कारण काय तर रूममेट वेळेवर आला. लोकप्रिय नट म्हणून वाचवला, दुसरं काही नाही.

---

तळटीप

@रात्रपाळी, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण योगायोग इतका सुरेख आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फूल हे पान बाकीच्या एकवीस चित्रांच्या रांगेत बसत नाही. रायडर-वेटमध्ये त्याला शून्य क्रमांक आहे, जुन्या संचांत क्रमांकच नसतो. आणि मूळ खेळात त्याचं काम ऐका. डावात रंग मागितला गेला, तुम्हाला चांगलं पान घालवायचं नाहीये, तर तुम्ही फूल टाकायचं. फ्रेंच खेळाडू त्याला 'माफी'च म्हणतात. ते पान हात जिंकत नाही, पण बहुतेक वेळा ते जातही नाही. दाखवायचं आणि परत आपल्या ढिगात ठेवायचं. सगळ्या डावात न मरणारं पान ते एकच.

आणि इथे सातांपैकी फूल ज्याला आला तोच लिफ्टमधून सहीसलामत परत येतो. कोहेन-हॅलबर्ग यांच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. त्यांना लोकप्रिय नटच वाचवायचा असेल.

---

सत्तर_एमएम

आईशप्पथ. हे वाचून सिनेमाला मनातल्या मनात अर्धा तारा वाढवला.

---

खिडकीतली_मांजर

पाहून आले. रुमाल उचलते.

मला वेगळंच खटकलं. शेवटी हेली त्याच पत्त्यांनी त्या ज्योतिषिणीचंच भविष्य मांडते आणि तिचा शाप तिच्यावर उलटवते. कल्पना झकास. पण त्या बाईची पोर मारली होती हो! दोनशे वर्षांपूर्वी तिच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल या पोरांपैकी एकालाही 'अरेरे' वाटत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गोष्टीत अशी बाई असती तर शेवटी तिची ओटी भरली असती, गावाबाहेर एक दगड मांडला असता, दर अवसेला नारळ फुटला असता. मुंजाला पार बांधणारी माणसं आपण. इकडे थेट खातमा आणि गाडी काढून घरी.

---

पेंटॅकल

+१ मांजर. आणि त्यांना माहिती देणारी ती म्हातारी, अल्मा (ओल्वेन फुएरे, आयरिश रंगभूमीवरची मोठी नटी). तिचे सगळे मित्र याच पत्त्यांनी गेलेले. उभा जन्म तिने यात घालवलाय. तिला दहा मिनिटं देऊन मारून टाकलं. सिनेमा तिच्या नजरेने सांगितला असता तर मी पुन्हा पाहिला असता.

---

चितारआळी

धागा सिनेमाचा आहे, पण पत्त्यांचं निघालंय तर सावंतवाडीकराने गप्प बसणं बरं नव्हे.

आमच्याकडची दशावतारी गंजिफा कुणी हातात घेतलीय का? पानं गोल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा, मिळून १२० पानं. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे, वरून लाखेचा हात. त्यामुळे नवं पान हातात घेतलं की थोडं जड लागतं आणि एकमेकांवर टाकताना टक् आवाज येतो. ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी. सिनेमातली पेटी बघून मला पहिली तीच आठवली. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चितारी बसवून ती परत उभी केली. आजही राजवाड्यात गेलात तर दरबार हॉलमध्ये रंगवणारे दिसतील.

यात देवाची चित्रं असूनसुद्धा कुणी त्यावरून भविष्य सांगत नाही. खेळायचं. आणि खेळात वेळेचा काय थाट! दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिलं पान टाकणार, रात्री मांडला तर कृष्णाचा. पाच रंगांत आकडे नेहमीसारखे चढते, उरलेल्या पाचांत उलटे: एक्का मोठा, दश्शा हलका. नवख्याचं डोकं तिथेच फिरतं, शापाची गरज पडत नाही.

भविष्य विचारायला आमच्याकडे देवळात कौल आहे. त्याला पत्ते लागत नाहीत.

---

शंकासुर

@चितारआळी, सुंदर प्रतिसाद. कौलाबद्दल वेगळ्या धाग्यावर बोलू 🙏

---

मधली_सुट्टी

पोपटवाला विसरलात का सगळे? फुटपाथवर चटई, पिंजरा, पाकिटांची रांग. पोपट डुलत बाहेर येणार, चोचीने एक पाकीट ओढणार, दोन दाणे घेऊन आत. पाकिटातून लक्ष्मी नाहीतर मारुती. सैतान निघाल्याचं कुणी पाहिलंय? कधीच नाही, कारण गिऱ्हाईक परत यायला हवं. रामशलाकेचंही तसंच. २२५ घरं, बोट कुठेही ठेवा, उत्तरं सगळी मिळून नऊच. त्यातली बरीचशी 'देवाचं नाव घे, होईल' अशी. आपली भविष्यं माणसाला घरी जेवायला पाठवतात.

---

सत्तर_एमएम

@मधली_सुट्टी, म्हणूनच आपल्याकडे पत्त्यांचा भयपट झाला नसेल.

सैतानावरून एक. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या सुमारास सोन्याच्या वर्खात रंगवलेला जो प्रसिद्ध संच आहे, त्यातली ७४ पानं आज शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही बेर्गामोत. गहाळ असलेल्या चारांत एक सैतान आणि एक बुरूज. हरवली की मुळात रंगवलीच नव्हती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी पटकथाकार असतो तर सिनेमा तिथून सुरू केला असता: संच सापडतो, सैतानाचं पान नसतं. दाखवायचं काहीच नाही.

आणि रात्रपाळी, पत्त्यांचा भयपट कसा असतो ते बघायचं तर १९६५ चा 'डॉ. टेररज हाउस ऑफ हॉरर्स' बघ. अमिकस कंपनीचा, दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस. रात्रीची आगगाडी, एका डब्यात पाच प्रवासी. सहावा म्हणून पीटर कुशिंग शिरतो, मळका कोट, वाढलेल्या भुवया, बॅगेत टॅरो. ज्याला भविष्य हवं त्याने संचावर बोट आपटायचं. चार पानं निघतात ती त्याची पुढची कथा. मग प्रवासी विचारतो, यातून सुटका? त्यासाठी पाचवं पान. कुशिंग ते उलटतो, बघतो आणि मुकाट्याने परत ठेवतो. प्रत्येकाला तेच पान. आतल्या पाचही कथा बऱ्यापैकी बाळबोध आहेत. एकीत तर वेल घराला वेढा घालते. पण दर कथेनंतर आपण डब्यात परत येतो आणि त्या पाचव्या पानाची वाट बघतो. भूत कुठेच उडी मारत नाही, फक्त एक म्हातारा पत्ता उलटा ठेवतो. साठ वर्षं झाली, अजून काम करतंय ते.

---

रात्रपाळी

बघतो. वेल घराला वेढा घालते म्हणजे मला आवडणारच.

पण एक सांग, तुझ्या मनातला सिनेमा, मोघम वाक्यं, राक्षस नाही, सगळं सूचक, तो ४.९ कोटी कमावेल का? पोस्टरवर काय छापणार, एक शिडी?

---

सत्तर_एमएम

नाही कमावणार. पण ८० लाखही लागणार नाहीत. बेलग्रेडला जाऊन अमेरिका उभी केलीय यांनी, चित्रीकरण सगळं सर्बियात. माझा सिनेमा माथेरानच्या एका बंगल्यात होईल.

---

बिनकामाचा_बंड्या

आणि शिडी मी आणतो.

---

तळटीप

कुणाला मूळ खेळ खेळायचा असेल तर माझ्याकडे फ्रेंच संच आहे, ७८ पानांचा. त्यातल्या हुकुमांवर सैतान-बैतान काही नाही, नाचणारी, जेवणारी, फिरायला निघालेली साधी माणसं आहेत. चार जण लागतात. नियम मी शिकवेन, अर्ध्या तासात जमतात. ठिकाण ठाणे, पुढचा शनिवार.

---

पेंटॅकल

मी येते. वाचणार नाही, फक्त खेळेन.

---

रात्रपाळी

माझी त्या दिवशी सुट्टी आहे. येतो. फूल मला मिळेल असं वाटून द्या.

---

चितारआळी

वाडीहून येणं काही जमायचं नाही. गंजिफेला मात्र तिघंच पुरतात, आणि गणपतीत आलात तर राहायची सोय आमच्याकडे.

---

शंकासुर

चौथा मी. पैसे लावून नको. आणि डाव दहाच्या आत संपवा, मला कल्याणहून पुढे जायचं असतं.